पाना कुठे थांबवावा

आमच्या दारातली मारुती ८०० ही १९९८ सालची. मी ती २००९ साली, म्हणजे निवृत्त झालो त्याच वर्षी, पंचावन्न हजारांना घेतली. तेव्हाच ती अकरा वर्षांची होती. सकाळी फिरायला जाणारी मंडळी मला बॉनेटमध्ये डोकं घातलेलं बघतात आणि ठरलेले दोन प्रश्न विचारतात. "सर, काय बिघडलं?" आणि "सर, आता काढून का टाकत नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काही बिघडलेलं नसतं, बिघडू नये म्हणून मी बघत असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती चूक मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. आज सांगणार आहे.

पण सुरुवातीपासून सांगतो.

१९७४ साली मी सांगलीला नोकरीला लागलो आणि एका डॉक्टरांच्या वाड्यात खोली घेऊन राहिलो. डॉक्टरांकडे फियाट होती. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळाली की ती जन्मभर सांभाळायची, असा रिवाज होता. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी बॉनेट उघडत, ऑइलची पट्टी काढून जुन्या धोतराच्या तुकड्याला पुसत, परत घालत, परत काढून बघत. मग रेडिएटरचं पाणी, बॅटरीचं पाणी. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नसत. एकदा मी विचारलं, "रोज बघायची गरज असते का?" ते म्हणाले, "पेशंटची नाडी मी रोज बघतो, तो आजारी असतो म्हणून नव्हे. काल कशी होती ते आज माहीत असावं म्हणून." माझ्याकडे तेव्हा सायकलसुद्धा भाड्याची होती, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्या फियाटचा आणि सांगलीचा एक धागा आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. ती कंपनी १९४४ साली काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आणि सांगलीत विश्रामबागला १९४७ पासून सुरू असलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पुढे त्या फियाटचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या जगाला माहीत झाली. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. वीस वर्षं रोज मुंबईच्या रस्त्यावर धावलेली गाडी! ती काही कारखान्याच्या पुण्याईवर धावली नाही, टॅक्सीवाल्यांच्या आणि मिस्त्रींच्या हातांवर धावली.

असो. तर मी गाडी घेतली तेव्हा हाताशी निवृत्तीचा भरपूर वेळ होता आणि 'आपल्याला काय नाही जमणार' हा मास्तरकीत मुरलेला आत्मविश्वास होता. जुन्या बाजारातून पान्यांचा संच आणला, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचून काढली, एक शंभर पानी वही घातली. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च आला. वही घालण्याची सवय शिक्षकाची जात नाही.

पहिला धडा मिळाला तो आट्यांचा. इंजिन ऑइल बदलताना खालचा नट काढला, जुनं ऑइल काढलं, नट परत लावला. थेंबही गळू नये म्हणून पान्यावर जोर दिला. मग आणखी थोडा दिला. आणि एकदम पाना हलका झाला. ज्यांचे कधी आटे गेलेत त्यांना तो हलकेपणा माहीत आहे. पोटात खड्डा पडतो. अडीचशे रुपये मजुरी वाचवायला गेलो आणि आठशेचं काम झालं. मिस्त्री हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण. तो म्हणाला, "सर, नट बसल्याचं हाताला कळतं. कळलं की थांबायचं." निबंध तपासताना मी मुलांना हेच सांगत आलो होतो की मुद्दा संपला की थांबावं. सांगणं वेगळं आणि करणं वेगळं.

हळूहळू हात बसला. ऑइल, फिल्टर, तिन्ही प्लग काढून साफ करणं, एअर फिल्टर झटकणं, फॅनबेल्टचा ताण बघणं, बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावणं, वायपरची रबरं, फ्यूज, दिवे. एवढं सगळं मला घरी येऊ लागलं. आणि एकदा एवढं येऊ लागलं की माणसाला वाटतं, आपल्याला गाडी येते. माझी चूक इथूनच सुरू झाली.

२०१६ चा सप्टेंबर. मुलगी सांगलीहून आली होती. नात तेव्हा दहा वर्षांची. कासला फुलं बघायला जायचं तिच्या मनात होतं. मुलीला बरं वाटत नव्हतं म्हणून मी आणि नात दोघंच गेलो. रविवार होता. फुलं बघून परत निघालो तेव्हा यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली. दहा पावलं पुढे, ब्रेक, परत दहा पावलं. त्यात मला एक वाईट खोड होती. उताराला गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं म्हणून. म्हणजे सगळा भार ब्रेकवर. पुढे रस्ता जरा मोकळा झाला, गाडीने वेग घेतला, वळण आलं, मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय खाली गेला. काहीच लागलं नाही. परत दाबला, परत तेच. ओल्या मातीवर पाय द्यावा तसं.

पुढच्या चार-पाच सेकंदांत मी काय केलं हे मला नीट आठवत नाही. दुसरा गियर पडला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक मी दोन्ही हातांनी ओढला असावा. त्याची तार वेगळी असते, ती सरळ मागच्या चाकांना जाते, म्हणून तो लागला. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासून थांबली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते सातारकरांना सांगायला नको.

नातीने विचारलं, "आजोबा, का थांबलो?"

मी म्हणालो, "इथून सातारा छान दिसतं. बघ, तो समोर अजिंक्यतारा."

तिने बघितला. मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो, कारण हात सोडले असते तर थरथरताना तिला दिसले असते. वीस-पंचवीस मिनिटांनी ब्रेक दाबून पाहिला तर एकदम व्यवस्थित! जसं काही झालंच नव्हतं. पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलांनी घरी आलो आणि घरी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्याने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत चहाच्या रंगाचं ऑइल. "सर, हे बदललं कधी?"

"कमी झालं की मी भरतो की वेळच्या वेळी."

"भरलं म्हंजे बदललं व्हय?"

सात वर्षं मी ती डबी दर महिन्याला बघत होतो आणि वहीत 'ब्रेक ऑइल ठीक' असं लिहीत होतो. पातळी ठीक होती, ऑइल ठीक नव्हतं. नंतर वाचून काढलं ते असं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक सतत दाबले गेले की चाकाशी एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसता खाली जातो. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि ब्रेक शहाण्यासारखा वागू लागतो. म्हणून तर हा दोष फसवा. गॅरेजमध्ये नेईपर्यंत पुरावाच उरत नाही. यावर उपाय काय? दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवं भरणं आणि नळ्यांमधली हवा काढणं. काही शे रुपयांचं काम.

त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. त्यांची वाटणी एकाच नियमाने केली आहे, आणि हा सगळा लेख त्या नियमासाठीच लिहितो आहे. ज्या कामातल्या चुकीमुळे गाडी थांबते, ते काम माझं. ज्या कामातल्या चुकीमुळे गाडी थांबत नाही, ते मिस्त्रीचं.

प्लग नीट बसला नाही, बॅटरीचं टोक सैल राहिलं, फ्यूज चुकीचा लावला, तर गाडी दारातच उभी राहील. फार तर लोक हसतील. पण ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे बेअरिंग, पेट्रोलची नळी यात चूक झाली तर ती दारात कळत नाही, घाटात कळते. आणि गाडीखाली शिरून करायचं कुठलंही काम, मग ते कितीही सोपं असो, नुसत्या जॅकवर करायचं नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, माणूस खाली झोपण्यासाठी नसतो. ऑइल बदलायला मी आता चाकं फळीच्या उतारावर चढवून, मागे दगड लावून मगच खाली जातो. जुनं ऑइल डब्यात भरून मिस्त्रीकडे देतो, गटारात ओतत नाही.

मी हे सांगतो तेव्हा काही मित्र म्हणतात, मग घरी कशाला करायचं? सगळंच द्या की मिस्त्रीला. हे मला पटत नाही. मिस्त्रीकडे गाडी वर्षातून दोनदा जाते, माझ्यासमोर ती रोज असते. डॉक्टरांचं नाडीचं वाक्य इथे लागू पडतं. फरशीवर काल नसलेला थेंब आज आहे, हे मलाच कळणार. तो थेंब हिरवा आहे की काळा, की पाण्यासारखा, यावरून कूलंट, इंजिन ऑइल की ब्रेक ऑइल याचा अंदाज मलाच बांधायला हवा. आणि बांधता आला की मिस्त्रीचा वेळ वाचतो, शिवाय नको ते भाग बदलले जात नाहीत. ज्याला आपल्या गाडीतलं काहीच कळत नाही त्याला चांगल्या आणि वाईट मिस्त्रीतला फरकही कळत नाही.

आणि कधीकधी काहीही न करणं हीच सर्वांत मोठी दुरुस्ती असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मुलीच्या ओळखीतल्या एका घरची गाडी दोन दिवस पाण्यात होती. पूर ओसरला, चिखल धुतला आणि घरातल्या कर्त्या माणसाने काय केलं, तर सुरू होते का बघू म्हणून किल्ली फिरवली. इंजिनात पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकला आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडला. किल्ली न फिरवता आधी बॅटरीची तार सोडवली असती, ऑइलची पट्टी काढून बघितली असती, तर पांढरट, ताकासारखं ऑइल दिसलं असतं आणि पुढचं मिस्त्रीवर सोपवता आलं असतं. एवढंच ज्ञान. त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

हातात कला असण्याला मी कमी लेखत नाही, हेही सांगतो. आपल्याच सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हेही म्हटलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. मला या गोष्टीतल्या दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. लोहारांचं कसब खरं आणि रस्त्यावर आपल्याखेरीज दुसरी माणसंही असतात हेही खरं. माझी गाडी माझी आहे, घाट माझा नाही.

आता 'काढून का टाकत नाही' या प्रश्नाकडे. सरकारलाही जुनी गाडी ठेवणं फारसं आवडत नाही, असं दिसतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची. तिची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींना २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार. त्यावर पर्यावरण कर आहेच. मला याचा राग नाही. तपासणी कडक असावी, या मताचा मी आहे. पण वयावरून गाडी ठरवू नये, तब्येतीवरून ठरवावी. पंचाहत्तरीकडे आलेल्या माणसाचं हे मत आपमतलबी आहे असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही!

शिवाय पेट्रोल बदललं आहे. ज्या उसावर आपले सातारा-सांगली जिल्हे उभे आहेत, त्यापासूनही इथेनॉल बनतं आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्के असतं. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ साली सांगितलं. माझी गाडी कार्ब्युरेटरवाली, म्हणजे जुन्यातली जुनी. म्हणून आता महिन्यातून एकदा पेट्रोलच्या नळ्या बोटाने दाबून बघतो. फुगली आहे का, चिरली आहे का, पेट्रोलचा वास येतो का. बघणं माझ्या रकान्यात आहे, बदलणं मिस्त्रीच्या. ज्या दिवशी मिस्त्री म्हणेल की सर, आता पत्रा खालून गेला, त्या दिवशी मी तिला अधिकृत भंगार केंद्रात स्वतः पोचवीन. ते सांगण्याचा अधिकार मी त्याला दिला आहे, शेजाऱ्यांना नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं. नात आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात तिने गाडीचा परवाना काढला आणि फोनवर म्हणाली, "आजोबा, मला तुमची गाडी शिकवा. चालवायला नाही, ती येते. आतली शिकवा." मला एवढा आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी वही काढली आणि तिच्यासाठी स्वच्छ अक्षरात दोन रकाने लिहायला बसलो. पहिल्या रकान्यात सतरा कामं झाली. दुसऱ्यात पहिलंच लिहिलं, ब्रेक. आणि पेन थांबलं. ती विचारणार, हे का नाही करायचं? आणि मी काय सांगणार? पुन्हा अजिंक्यतारा दाखवणार?

दहा वर्षांच्या मुलीला मी तेव्हा खोटं सांगितलं ते तिने घाबरू नये म्हणून, असं स्वतःला समजावत आलो. खरं तर मला माझ्या वहीतल्या 'ठीक' या शब्दाची लाज वाटली होती. तिच्या आईला हे कळलं तर ती पुन्हा मुलीला माझ्याबरोबर गाडीत बसवणार नाही, ही भीतीही होती. पण शिकवायचं तर कारणासकट शिकवावं लागतं. नुसते नियम पाठ करून घेतलेली मुलं पुढे काय करतात, ते मी पस्तीस वर्षं बघितलं आहे.

म्हणून आज हे लिहिलं आहे. मुलगी हे वाचेल आणि संध्याकाळी तिचा फोन येईल, हे मला माहीत आहे. काय बोलेल तेही साधारण माहीत आहे. ऐकून घेईन. दिवाळीच्या सुट्टीत नात येईल तेव्हा आम्ही दोघं मिळून बॉनेट उघडू, पहिल्या रकान्यातली सतरा कामं करू, आणि मग गाडी मिस्त्रीकडे नेऊन ब्रेकचं ऑइल बदलताना शेजारी उभं राहून बघू. या खेपेला दोन वर्षं पुरी व्हायला अजून तीन महिने आहेत. पण तीन महिने आधी बदललं म्हणून काही बिघडत नाही.

त्यानंतर कासला जाऊ. गाडी ती चालवेल. उताराला दुसऱ्या गियरमध्ये.